तिसरा डाग

सोमवार, ११ नोव्हेंबर

आलो एकदाचे. सामान एका टेम्पोत मावलं आणि टेम्पो अर्धा रिकामाच राहिला. कळंब्याच्या पुढे, गारगोटी रस्त्यापासून थोडा आत बंगला आहे. मागच्या बाजूला आम्हाला दोन खोल्या दिल्या आहेत. स्वतंत्र संडास, चोवीस तास पाणी. सार्थकने सगळ्यात आधी नळ सोडून पाहिला आणि लहान मुलासारखा हसला.

गेलं वर्षभर मी वडगावला आईकडे राहून तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तो शिरोलीत पाचजणांच्या खोलीवर राहून फाउंड्रीत जात होता. मग कॉलेजने माझे तास काढले आणि फाउंड्रीने त्याला. त्या वर्षात आम्ही नवरा-बायकोने एकवीस रात्री एका छताखाली काढल्या. मी मोजल्या होत्या.

मालकांचं नाव अमरसिंह. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांची गुळाची पेढी आहे. गेल्या आठवड्यात तिथेच भेटलो. राहतं घर शहरात आहे, इथे ते अधूनमधून येतात. त्यांनी विचारलं, उतारे, देवस्की, बाहेरचं असलं काही मानता का. सार्थक म्हणाला, आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात ते नाही. त्यांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, अशीच माणसं पाहिजेत मला, ह्या भागातली गडीमाणसं नुसती भित्री हो. मला बरं वाटलं. कुणीतरी आमचं न मानणं गुणात धरलं.

आठ डिसेंबरला त्यांच्या मुलीची, संयोगिताची, हळद इथल्या बागेत आहे. तोवर बाग सार्थकने आणि बागेतली फरशी मी नीट करायची. काम आवडलं तर कायम.

दाराआड खुंटीला खाकी गणवेश होता, धुतलेला. आधी इथे दादासो आणि कृष्णात असे दोघे भाऊ होते, त्यातल्या धाकट्याचा. गावी गेले म्हणे. सार्थकने घालून पाहिला. एक टाकाही घालावा लागला नाही.

राजा नावाचा अल्सेशियन आहे. तासाभरात सार्थकच्या पायाशी येऊन झोपला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लावले. आज घर झालं.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

फरशी म्हणजे सिमेंटचे ब्लॉक. लाल आणि करडे, नागमोडी कडांचे, एकमेकांत अडकवलेले. बंगला आणि हिरवळ यांच्यामध्ये चाळीस फूट लांब, पंचवीस रुंद. सांध्यांत बारीक वाळू.

आज नुसती पाहणी केली. भिंतीकडेला शेवाळ. गाडी उभी राहते तिथे तेल. झोपाळ्याच्या पायांखाली गंज. फाटकाशी पानाच्या पिचकाऱ्या. एवढं ओळखू आलं.

मधोमध मात्र तीन डाग आहेत, ते कशाचे ते कळलं नाही. तिन्ही तपकिरी, काळ्याकडे झुकणारे. पहिला तळहाताएवढा, एका बाजूला चोच आल्यासारखा. दुसरा सुपाएवढा. तिसरा लांबलचक.

शेजारच्या मोकळ्या जागेत बयाबाईंचा गोठा आहे. दोन म्हशी, चार कोंबड्या. दूध त्यांच्याकडूनच घ्यायचं. मी ब्रश मारत होते तर कुंपणावरून म्हणाल्या, काय गं पोरी, डावरी व्हय तू. मी हो म्हटलं. लिहिते तेवढं उजव्याने. दुसरीत बाईंनी पट्टी मारून ते वळण लावलं. बाकी सगळं डाव्यानेच.


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सोपे डाग गेले. तेलावर लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवला, सकाळी सोड्याच्या पाण्याने घासलं. शेवाळाला ब्लीचिंग पावडर. गंजाला लिंबूसत्त्व. अ‍ॅसिड वापरलं नाही. त्याने डागाबरोबर ब्लॉकचं वरचं कातडं निघतं आणि आतली खडी उघडी पडते.

त्या तिघांना मात्र कशानेच फरक पडेना. गरम पाण्याने तर ते जास्त गडद झाले. तेव्हा आठवलं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातल्या मावशी चादरी थंड पाण्यात भिजवायच्या. गरम पाण्याने रक्त धरून बसतं म्हणायच्या.

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. लहान डागावर ओतलं. पांढरा फेस उसळला, दुधासारखा वर आला. गंजाला असा फेस येत नाही. मी घासत राहिले. अर्ध्या तासात डाग गेला.

बयाबाई दूध घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, बाकीचं काय घासायचं ते घास, ही तीन ऱ्हाऊ देत की. सगळं गोरंपान करून कुठं न्यायाचं हाय? मी कारण विचारलं तर म्हशीची धार राहिली म्हणून निघून गेल्या. धार काढूनच तर त्या आल्या होत्या.

संध्याकाळी अमरसिंह साहेब पाहायला आले. हिरवळीवरून वळसा घालून आले, ओल्या फरशीवर पाय ठेवला नाही. दुसऱ्याच्या कामाची एवढी कदर कोण करतं? सार्थकला म्हणाले, काय पावणं, बाईंचा डावा हात लई गुणाचा दिसतोय.


रविवार, १७ नोव्हेंबर

सकाळी फरशीवर बयाबाईंची काळी कोंबडी पडली होती. मान कापलेली नव्हती, पिरगळून उपटली होती. नळी बाहेर लोंबत होती. मुंडकं दोन वीत अंतरावर, डोळा उघडा.

सार्थक म्हणाला, मुंगसाचं काम. त्याने पिसं गोळा केली. पिसं उचलल्यावर रक्त नीट दिसलं. तळहाताएवढं. एका बाजूला चोच.

मी परवा पुसलेला डाग. तोच, त्याच जागी, त्याच आकाराचा.

योगायोग असतात. पेरॉक्साइड संपलं होतं, म्हणून त्यावर जास्वंदीची कुंडी सरकवली. बयाबाईंना कोंबडीचं सांगितलं. त्या रागावतील वाटलं होतं. त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या. डाव्या मनगटावर तीन ओरखडे आहेत, बोगनवेलीचे असणार. नखांत तांबडं काहीतरी बसलं आहे. हल्ली बसतंच.


बुधवार, २० नोव्हेंबर

सुपाएवढ्या डागावर सार्थकने उपाय काढला. म्हणाला, घासत कशाला बसतेस, ब्लॉक काढून पालथे घालू. खालची बाजू कोरीच असते.

पहार आणली. पहिला ब्लॉक निघायला वेळ लागतो, बाकीचे सुटतात. त्याने तो उचलून पालथा केला. खालची बाजू वरच्याइतकीच झिजलेली होती आणि तिच्यावर तसाच डाग होता. म्हणजे आधी कुणीतरी हे करून पाहिलं होतं. ब्लॉकला दोन बाजू असतात. तिसरी नसते.

खालची वाळू ओली होती. चार-पाच दिवस तिथे पाणी मारलं नव्हतं, तरी ओली. खाटकाच्या दुकानामागच्या गटारीसारखा वास आला. वाळूत एक काळा दगड, नारळाएवढा. शेंदराचे कण अजून चिकटलेले. सार्थकने पटकन ब्लॉक जागेवर ठेवला. त्याचा चेहरा पाहून मी हसले. दगड तो दगड, म्हटलं. आपण कधीपासून शेंदराला भ्यायला लागलो?

तो म्हणाला, भीत नाही, पण आपण खोदूही नये.


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दुसरा डाग गेला. दोन लिटर पेरॉक्साइड, तारेचा ब्रश, तीन तास. बोटांची सालं निघाली, तरी शेवटपर्यंत थांबले नाही. शेवटी तर मला थांबायचंच नव्हतं. सार्थकने येऊन हात धरला तेव्हा मी त्याच्यावर ब्रश उगारला. मग दोघं हसलो. तो जरा उशिरा हसला.


रविवार, २४ नोव्हेंबर

राजा मेला.

दुपारी मी जरा पडले होते. कसल्यातरी आवाजाने जाग आली. कापड फाडल्यासारखा आवाज, पण ओलं कापड. बाहेर गेले. का बाहेरच होते? उन्हाने डोळे दिपले होते.

कवटी उजव्या बाजूने कानापर्यंत फुटली होती. जबडा एका बिजागरीवर लोंबत होता. जीव गेला नव्हता. चारही पाय फरशीवर पळत होते, नखांचा खरखर आवाज येत होता, आणि तो जागेवरून हलत नव्हता. सार्थक त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा शर्ट रक्ताने पोटाला चिकटला होता.

मी म्हटलं, का मारलंस त्याला?

त्याने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मग म्हणाला, आत जा.

पाय थांबायला पाच मिनिटं लागली. फावडं धुऊन भिंतीला टेकवून ठेवलं होतं, जागच्या जागी. ओलं होतं. एवढा शांत माणूस. झुरळ मारायचं तरी मला हाक मारतो.

रक्त सुपाएवढं पसरलं आणि तिथेच थांबलं. फरशीला उतार आहे. तरी थांबलं.


सोमवार, २५ नोव्हेंबर

साहेब आले. हिरवळीवर उभे राहिले. सार्थकने मान खाली घालून सांगितलं, कुत्रं अंगावर आलं, इलाज नव्हता. त्याच्या अंगावर एकही चावा नाही. साहेबांनी काही विचारलं नाही. कुत्री काय, मिळतात, म्हणाले. मग माझ्याकडे वळून, तो मोठा डाग तेवढा राहिला बघा बाई.

ते गेल्यावर सार्थक म्हणाला, इथून जाऊ. कागलला एका कारखान्यात माणसं घेताहेत. मी ओरडले. एवढी ओरडले की बयाबाईंच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. पुन्हा पाचजणांची खोली, पुन्हा आईकडची सतरंजी, पुन्हा रात्री मोजायच्या? कुत्रं तू मारलंस आणि भितोस पण तूच?

पहार, फावडं, कोयता, कातरी, सगळं लोखंड त्याने पत्र्याच्या पेटीत घातलं आणि कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

तेव्हा मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली.


शनिवार, ३० नोव्हेंबर

तिसरा डाग. आज टेप लावून मोजला. पाच फूट आठ इंच.

वाकून पाहिलं तर नुसतं तपकिरी दिसतं. झोपाळ्यावर उभं राहिलं की कळतं. कुशीवर पडलेला माणूस. एक हात अंगाखाली, एक पुढे पसरलेला. डोकं असायला हवं तिथे आकार धड नाही. तिथे तो सगळीकडे उडाला आहे.

पायांकडून सुरुवात केली. दोन दिवसांत घोट्यांपासून कमरेपर्यंत आले. डाव्या दंडात गोळा उठला आहे, दगडासारखा. दुखत नाही. उलट ब्रश खाली ठेवला की दुखतं. घासताना दातओठ खाते, शिव्या देते, मला येत नाहीत अशा. डाग हाडासारखा कडकन मोडेल असं वाटतं. मोडायला हवा असं वाटतं.

सार्थक हल्ली माझ्याकडे पाठ करून बसत नाही.


मंगळवार, ३ डिसेंबर

गेला.

डोकं शेवटी घासलं. फेस इतका आला की हात कोपरापर्यंत दिसेनासा झाला. पाणी मारलं आणि खाली स्वच्छ लाल-करडे ब्लॉक. कडा न् कडा उठून आली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

बाकीच्या फरशीपेक्षा तेवढीच जागा उजळ आहे. झोपाळ्यावर उभं राहिलं की दिसते. आता तो माणूस पांढरा आहे.

साहेब आले. हिरवळीवर चपला काढल्या आणि लांबूनच हात जोडले. मला जोडले असं आधी वाटलं. म्हणाले, तुम्ही आता कायमच्या. आज ते अनवाणी होते, तरी फरशीवर पाय ठेवला नाही. ते कधीच ठेवत नाहीत. एकदाही ठेवलेला नाही.


बुधवार, ४ डिसेंबर

बयाबाईंनी आज दूध कुंपणावर ठेवलं आणि मागे सरकल्या. म्हैस मध्ये घेऊन बोलत होत्या. मी विचारलं, आता तरी सांगा.

त्यांनी सांगितलं. इथं पूर्वी बांध होता आणि बांधावर राखणीचा दगड. त्यांच्या सासूच्या वेळेपासून आषाढात त्याला कोंबडं दिलं जायचं. साहेबांनी बंगला बांधला, दगड ब्लॉकखाली घातला, कोंबडं बंद केलं. मग त्यो आपल्या हातानं घ्याय लागला, म्हणाल्या. डाग हाय तवर त्येचं प्वाट भरल्यालं असतंय, त्यो गप असतोय. पुसलं की रिकामं. आन् ज्यानं पुसलं त्येच्याच हातानं परत भरून घेतंय बघ. जेवडं पुसलंस तेवडं. कोंबडीएवडं तर कोंबडी. मानसाएवडं तर मानूस. आन् मानूस लांबचा न्हाय लागत त्येला. पुसणाऱ्याचाच लागतोय.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी साहेबांनी दादासोला फरशी घासायला लावली होती. तिन्ही डाग त्याने काढले. आठव्या दिवशी भर दुपारी त्याने कृष्णातला पहारीने मारलं. सख्खा भाऊ. अकरा घाव. त्वांड वळखू येत न्हवतं, कापडावरनं वळखला, म्हणाल्या.

मी म्हटलं, साहेब तर सांगत होते गावी गेले.

त्यांनी हनुवटीने कळंबा तलावाकडे दाखवलं. पलीकडे तुरुंगाची भिंत दिसते. म्हणाल्या, त्यो बग तितं हाय दादासो. मी गेलतो की एकडाव भेटाय. त्येला कायबी ठावं न्हाय. मलाच इचारतोय, बया, माजा किस्ना कुटं हाय गं?

मग म्हणाल्या, ह्या भागातलं कोन बी त्या फरशीला हात लावत न्हाय. म्हनून तर तुमाला आनलं. तुमी मानत न्हाई न्हवं.

मी मानत नाही.

डाग मी पुसले. कुत्रं सार्थकने मारलं. म्हणजे बयाबाईंचं खोटं आहे.


गुरुवार, ५ डिसेंबर. सकाळी

कवटी उजव्या बाजूने फुटली होती.

हातात झाडू घेतला. समोर उशी ठेवली, राजा समजून, तोंड माझ्याकडे. उजव्या हाताने मारलं. घाव उशीच्या डाव्या बाजूला बसला. पुन्हा मारलं. डाव्या बाजूला.

सार्थक उजवा आहे.

मग झाडू डाव्या हातात घेतला.


गुरुवार, ५ डिसेंबर. दुपारी

त्याला विचारलं. फावडं कुणी धुतलं? तो रडायला लागला. म्हणाला, तू. नळाखाली धरून नीट धुतलंस, भिंतीला लावलंस, मग माझ्याजवळ येऊन विचारलंस का मारलं म्हणून. कोंबडी पण तूच, म्हणाला. पहाटे माझ्या हातातून त्याने पिसं काढली होती. त्याला वाटलं मी आजारी आहे. औषधपाणी केलं की बरी होईन.

अठरा दिवस तो हे एकटाच घेऊन बसला आहे. आणि मी त्याला भीत होते.

गणवेश खुंटीवर आहे. पाच फूट आठ इंचांच्या माणसाचा. जाळून टाक म्हटलं त्याला.

फाटकाकडे निघाले. एकटीच, चप्पल घालून. तो इथे राहू दे, मी जाते. वीस पावलं. फाटकाची कडी हातात आल्यासारखी वाटली. पाहते तर फरशीच्या मधोमध उभी. दोनदा गेले. दोनदा तिथेच.

मग पेटीबाहेर राहिलेली भाजीची विळी घेतली. माझं घे म्हटलं. डावा हात कोपराखाली उभा चिरला. रक्त धारेने पडलं. ब्लॉकवर थांबलं नाही. अळूच्या पानावरून पाणी ओघळावं तसं ओघळून सांध्यांत, तिथून गवतात गेलं. एक थेंब चिकटला नाही. फरशी कोरडी.

माझं नको आहे त्याला.

सार्थकने पंचा बांधला. बांधताना माझ्या दोन्ही हातांवर स्वतःचा गुडघा ठेवून बांधला. बरोबर केलं.

त्याला म्हटलं, तू जा. आत्ता. मागे बघू नको. तो म्हणाला, एकवीस रात्री तू एकटीने मोजल्यास का?

साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, रविवारी हळद आहे, त्याआधी काय व्हायचं ते होऊ द्या. मग म्हणाले, नंतर पुसायला माणसं बघतो.

पुसायला.


शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळ. सार्थकने पांढरा शर्ट घातला. मला पांढरी साडी काढून दिली. आज बिंदू चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जायचं होतं, दरवर्षी जातो. फोटोसमोर मेणबत्ती लावली. हात जोडले. माझा डावा उजव्याला येऊन मिळेना. उजव्याने ओढून आणावा लागला.

ठरलं. तो मला बांधून नेणार. रिक्षा दारापर्यंत आत आणायची, दोघांनी मिळून मला उचलायचं, फरशीवर पाय टेकू द्यायचा नाही. थेट दवाखान्यात.

मीच सांगितलं डावा हात खाटेला बांध. नायलॉनची दोरी. तीन गाठी. उजवा मोकळा ठेवला, वहीसाठी. लिहीत राहिले तर मी मी राहीन, असं त्याला म्हटलं. लिहीत राहा म्हणाला. कपाळावर ओठ टेकवले. पेटीच्या किल्लीसाठी खिसा चाचपला, आहे म्हणाला. रिक्षा आणायला गेला.

लिहिते आहे. लिहिते आहे.

उसाची ट्रॉली गेली. गाणी लावली आहेत. मळीचा वास.

तो उजळ माणूस खिडकीतून दिसतो. पूर्वी झोपाळ्यावर चढावं लागायचं. आता बसल्या जागी दिसतो. वाट पाहतो आहे. एक हात पुढे—

दहा वाजले. मगाशी नऊ होते. मधलं लिहिलेलं नाही. पान कोरं आहे.

दोरी जमिनीवर. गाठी तशाच आहेत, तिन्ही. मनगटाचं कातडं दोरीला चिकटलं आहे. दुखत नाही.

दंडात गोळा—

किल्ली त्याच्या खिशात आहे. त्याच्या खिशात आहे. पेटीचं झाकण उघडं का आहे? कुलूप मोडलेलं. मी नाही. मी इथेच आहे, मी लिहिते—

रिक्षा. फाटकाशीच थांबली.

सार्थक नको. आत येऊ नको.

ओरडले. आवाज निघाला नाही. हात लिहितो आहे, तोंड—

अंगणातून हाक मारतो आहे. प्रिया. फरशीवरून चालत येतो आहे, सरळ मधून. माझ्याचसाठी घाईने. मी दारात आहे. मी कधी उठले? वही चौकटीला टेकवून लिहिते आहे. तो थांबला. त्या जागेवर. पाय बरोबर पायांवर.

दोन्ही हात वर केले आहेत त्याने. मोकळे. काही नाही हातात, पांढरा शर्ट, काही नाही. हळू बोलतो आहे. ठेव म्हणतो आहे. खाली ठेव, प्रिया, ठेव ते.

काय ठेवू?

उजव्या हातात पेन आहे. डाव्या हातात—